कथा-कादंबरी की कथेतर? लिहिणाऱ्याच्या वाचनाची वाटणी

लातूर असो, परभणी असो की अंबाजोगाई, नव्या लेखकांची कार्यशाळा भरली की एक प्रश्न हमखास येतो. चांगले लिहायचे असेल तर कथा-कादंबऱ्या वाचाव्यात, की इतिहास, चरित्रे, अहवाल, वैचारिक पुस्तके? व्यासपीठावरून उत्तर येते, "सगळेच वाचा." त्यात चूक काही नाही. पण शेती किंवा नोकरी सांभाळून ज्याच्या वाट्याला दिवसाचा एक तास येतो, त्याला या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. त्याला वाटणी सांगावी लागते.

ही वाटणी ठरते तुटवड्यावरून. लेखनाला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे घाट: काय आधी सांगायचे, काय नंतर, कुणाच्या डोळ्यांनी, आणि काय अजिबात सांगायचे नाही. दुसरी म्हणजे ऐवज: वस्तू, नावे, मापे, कारणे, कुठल्या कामात काय बिघडते याची माहिती. घाट कथा-कादंबरीतून जास्त शिकता येतो, ऐवज कथेतर वाचनातून जास्त मिळतो. म्हणून कथाकाराला बहुतेक वेळा कथेतर वाचन कमी पडलेले असते, आणि वार्ताहराला, चरित्रकाराला, स्तंभलेखकाला कथा. प्रत्यक्षात दोघेही आपापल्या आवडीचेच वाचत राहतात आणि तुटवडा तसाच राहतो.

मराठवाड्यात हे फार ठळक दिसते. ग्रामीण कथा वाचून ग्रामीण कथा लिहिली जाते. मग प्रत्येक कथेत भेगाळलेली जमीन, आभाळाकडे बघणारा म्हातारा आणि दारात उभा सावकार. पण त्या गावाची आणेवारी (नेहमीच्या तुलनेत पीक रुपयात किती पैसे आले याचा सरकारी अंदाज) किती लागली, पीककर्ज कुठल्या सोसायटीचे, विहीर किती परस खोल, मोटार किती एचपीची, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. आणेवारी 50 पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाला सवलती मिळणार की नाही हे वर्षानुवर्षे ठरत आले. तलाठ्याच्या कागदावरच्या त्या एका आकड्यात भेगाळलेल्या जमिनीपेक्षा जास्त नाट्य आहे. तो कथेत येत नाही, कारण तो आधीच्या कथेतही आलेला नव्हता.

कथेतून नेमके काय घ्यायचे

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा अनेकांनी शाळेत वाचली आहे. टोमॅटोचा भाव कोसळतो आणि भर बाजारात बाप आपलाच माल पायांखाली तुडवतो. हीच बातमी असती तर आवक किती, दर किती, वाहतुकीचा खर्च किती, व्यापाऱ्यांचे म्हणणे काय, हे सगळे आले असते. कथा ते सांगत नाही, कारण ती मुलाच्या नजरेतून चालते आणि मुलाला बाजार कळतो तो बापाच्या वागण्यातून. नजर एकदा ठरली की काय सांगता येणार नाही हेही ठरून जाते. हा धडा अहवालातून मिळत नाही. अहवाल लिहिणाऱ्याला सगळेच माहीत असावे लागते. कथेच्या निवेदकाला काही गोष्टी माहीत नसाव्या लागतात.

बोलीचेही तसेच. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' या 1971 सालच्या कादंबरीत संवादच काय, सगळे निवेदनच बोलीत आहे, कारण ते एका बाईच्या तोंडून येते. नवा लेखक सहसा संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत ठेवतो. तसे करायला हरकत नाही. पण एका ओळीत "काय करायलास?" आणि पुढच्याच ओळीत "तो विषण्ण मनाने उत्तरला" असे आले, की निवेदक सुट्टीपुरता गावी आलेल्या पाहुण्यासारखा वाटू लागतो. दोन भाषांमधला हा सांधा कुठे ठेवायचा, ठेवायचाच का, हे चांगल्या कादंबऱ्यांची पाने शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय उमगत नाही.

मात्र नुसते वाचून हे हाताला लागत नाही. कथा उकलावी लागते. त्यासाठी आठ-दहा पानांची एक कथा निवडा. कादंबरीपासून सुरुवात करू नका; तीनशे पाने उकलायला महिना जातो आणि काम अर्धवट राहते. पहिल्या दिवशी कथा पेन्सिलीशिवाय सलग वाचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या आणि समासात तीन नोंदी करा: या परिच्छेदात कथेतला किती वेळ गेला, कोण बघतो आहे, आणि वाचकाला नवे काय कळले. तिसऱ्या दिवशी फक्त या नोंदी वाचा. दोन ओळींत सहा महिने उरकलेले आणि पुढे पाच मिनिटांना दोन पाने दिलेली, अशा जागा दिसू लागतील. वेळाचा वेग जिथे बदलतो तिथे लेखकाने काहीतरी ठरवलेले असते. ते का ठरवले असेल याचे उत्तर एका वाक्यात लिहा.

चौथ्या दिवसाचे काम सगळ्यांत मोलाचे, आणि नेमके तेच टाळले जाते. लेखकाला सांगता आले असते पण त्याने सांगितले नाही, अशा गोष्टींची यादी करायची. पात्राचे आडनाव, घटनेचे वर्ष, भांडणाचे मूळ कारण, शेवटानंतर काय झाले. ही यादी पाच-सहा नोंदींवर अडली तर कथा अजून नीट वाचलेली नाही असे समजा. चांगल्या कथेत सहज पंधरा निघतात.

या पद्धतीत एक चूक वारंवार होते: लोक 'छान वाक्ये' अधोरेखित करून वहीत उतरवतात. त्या वहीचा पुढे काही उपयोग होत नाही. कथेतले वाक्य छान वाटते ते त्याच्या जागेमुळे, त्याआधी जे दडवले होते त्यामुळे. जागेवरून उचलले की सुविचार उरतो.

कथेतर वाचनातून कथा कशी निघते

इथे थोडे सावकाश जाऊ, कारण मराठवाड्यातल्या कथाकाराची खरी कमाई इथे आहे.

किल्लारीचा भूकंप घ्या. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला काही मिनिटे कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. या घटनेवर कथा-कविता पुष्कळ झाल्या आणि बहुतेकींमध्ये ढिगारा, आक्रोश आणि एक वाचलेले मूल आहे. आता स्थापत्य अभियंत्यांनी त्या घरांविषयी जे लिहून ठेवले ते बघा. भिंती दोन फुटांहून जाड. आत-बाहेर दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि दगडांचा चुरा, आणि दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नाहीत. वर लाकडी तुळयांवर माळवद, त्यावर फुटाहून जाड मातीचा थर. पाऊस गळू नये म्हणून वर पुन्हा पुन्हा नवी माती टाकायची. जमीन हादरली तसे भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरचे सगळे वजन झोपलेल्यांवर आले. गावाच्या कडेला गवती छपराच्या झोपड्या होत्या. त्यांतली माणसे जास्त वाचली.

यात कथा कुठे आहे ते उघड आहे. जाड भिंतीचा माळवदाचा वाडा ही गावातली प्रतिष्ठा होती. ज्याची ऐपत जास्त त्याच्या डोक्यावर माती जास्त. आणि ती माती कुणी वैऱ्याने टाकलेली नव्हती. घर गळू नये म्हणून घरच्यांनीच उन्हाळ्यागणिक पाट्या भरभरून वर चढवली होती. कुठलाही कथाकार नुसत्या कल्पनेने इथवर पोहोचला नसता. हा पेच भिंतीच्या छेदाच्या आकृतीतून मिळतो. पुढे 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. गल्ल्यांच्या जागी सरळ रस्ते आले, भावकीची घरे एकमेकांपासून लांब पडली. पुनर्वसनाचे आराखडे वाचले तर आणखी दोन कथांचा ऐवज तिथे पडलेला आहे.

दुसरे उदाहरण काळाचे. 1946 सालच्या परभणीत घडणारी कथा लिहायची आहे. पैसा कुठला? निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिश सरकारचे सहा, ज्यांना लोक कलदार म्हणत. सरकारी वर्ष फसली, त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे. कचेरीची भाषा उर्दू. आणि शेतकरी सातबारा काढायला जातो असे लिहिले की कथा तिथेच मेली: तो कागद मुंबई राज्यातला, आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो 1 नोव्हेंबर 1956 रोजी. पोलीस कारवाई सप्टेंबर 1948 मधली, हे मात्र सगळ्यांना पाठ असते, म्हणून कथेत फक्त तीच येते. ज्या गोष्टी भाषणात येत नाहीत त्या शोधायच्या.

तिसरे उदाहरण थोडक्यात. बीडकडच्या ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीवर. या एका हिशोबातून किती गोष्टी निघतात ते मोजा. एकट्या माणसाची किंमत अर्धा कोयता. बायको आजारी पडली तर जोडी मोडते, खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. हंगामाआधी जोडी तयार हवी म्हणून पोरांची लग्ने उरकण्याची घाई. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, तिच्या मुळाशीही हाच हिशोब होता: दिवस बुडाला की पैसे बुडाले. ज्याला 'कोयता' म्हणजे फक्त हत्यार वाटते त्याच्या कथेत दुःख येईल, पण ते दुःख कुठल्या हिशोबातून आले ते येणार नाही.

नोंदी कशा ठेवायच्या हेही सांगितले पाहिजे, नाहीतर वही भरते आणि कथा होत नाही. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे वस्तू, शब्द, माप किंवा रीत. उजवीकडे ते कुठे मिळाले, पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक. प्रत्येक नोंदीखाली एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे एकाच प्रश्नाचे उत्तर लिहा: यामुळे एखाद्या माणसाला काय करावे लागेल? 'माळवदावर माती टाकतात' ही माहिती झाली. 'थोरला मुंबईला गेल्यावर माती चढवायला घरात कुणी उरले नाही' ही कथेची सुरुवात झाली. ज्या नोंदीखालची ओळ महिनाभर कोरी राहते ती कथेच्या कामाची नाही. तिचा मोह सोडा.

आणि जे सापडले ते सगळे वापरायचे नसते. दहा नोंदींमागे एक कथेत आली तरी पुष्कळ. आली तरी कशी यावी ते बघा. "हैदराबाद संस्थानात हाली सिक्का प्रचलित होता व त्याचे सात रुपये ब्रिटिश सहा रुपयांबरोबर होत" हे वाक्य कथेत आले की वाचक वर्गात जाऊन बसतो. "सोलापूरच्या व्यापाऱ्याने सात हाली मोजून घेतले, तेव्हा कुठे सहा कलदार बाहेर काढले." माहिती तीच आहे. फक्त आता ती कुणाच्या तरी हातातून जाते आहे, आणि व्यापाऱ्याचा स्वभावही त्यातच आला.

साधने फार लांब नाहीत. जिल्हा गॅझेटियर, मराठी विश्वकोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (बोलीतले जुने शब्द तपासायला याला तोड नाही), परभणीच्या कृषी विद्यापीठाची पुस्तिका-प्रकाशने, बाजार समितीचे भाव, तालुक्याच्या 'अ' वर्ग ग्रंथालयातली धूळ खाणारी स्थानिक स्मरणिका. शेतीच्या पुस्तिकांना कथाकार नाक मुरडतात. वखरणी, कोळपणी, खुरपणी यांत फरक काय, कोणते काम कोणत्या महिन्यात, कशाला बैल लागतो आणि कशाला बाई, हे तिथे क्रमाने दिलेले असते. नाहीतर कथेत नायक भर मे महिन्यात कोळपायला निघतो.

संशोधन काय म्हणते

कथा वाचल्याने माणसाला दुसऱ्याचे मन जास्त कळते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. त्यामागे 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला किड आणि कास्तानो यांचा अभ्यास आहे. साहित्यिक कथेचा उतारा वाचलेल्यांना डोळ्यांच्या छायाचित्रांवरून भावना ओळखणे जास्त जमले, असे त्यांना आढळले. नंतर इतर गटांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. 2018 साली अशा 14 अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला. त्यात कथावाचनाचा फायदा निघाला, पण अगदी लहान. शिवाय हे सगळे वाचकाविषयी आहे. एक कथा वाचून कुणी लेखक होतो असे यातले कुणीही म्हटलेले नाही.

लेखकाच्या जास्त कामाचे संशोधन दुसरेच आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. एलिझाबेथ मार्श आणि सहकाऱ्यांनी 2003 पासून केलेल्या प्रयोगांत लोकांना छोट्या कथा वाचायला दिल्या आणि त्यांत काही तपशील मुद्दाम चुकीचे पेरले. नंतर साध्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नांना वाचकांनी कथेतली चुकीची उत्तरे दिली. काहींना तर ते आपल्याला आधीपासून माहीत होते असे वाटले. कथेतून मिळालेला तपशील डोक्यात शिरताना पावती मागत नाही. म्हणून कादंबरीतून उचललेला कुठलाही तपशील, मग लेखक कितीही मोठा असो, कथेतर साधनात तपासल्याशिवाय पुढे चालवू नये. मराठीतल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी किती कल्पित संवाद इतिहास म्हणून रूढ केले ते वेगळे सांगायला नको.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली विद्यार्थी काय वाचतात आणि त्यांची वाक्यरचना कशी असते याची तुलना केली. संशोधनपर लेखन, साहित्यिक कथा किंवा गंभीर कथेतर गद्य वाचणाऱ्यांची वाक्ये जास्त गुंफलेली निघाली. फक्त इंटरनेटवरचा हलका मजकूर वाचणाऱ्यांची सर्वांत सपाट. हे नाते आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरी कथा विरुद्ध कथेतर हे भांडण वाक्याच्या पातळीवर फारसे टिकत नाही, एवढे त्यातून दिसते. कसदार आणि उथळ हा फरक मोठा आहे.

मराठीपुरते बोलायचे तर ही भिंत आरंभी नव्हतीच. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र', हे चक्रधरस्वामी या प्रत्यक्ष होऊन गेलेल्या माणसाच्या आठवणींचे संकलन आहे. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, गोळा केल्या. म्हणजे काम वार्ताहराचे. पण पैठणपासून गावोगावीच्या त्या लीळा वाचा: प्रसंग, दोन-चार वाक्यांचा संवाद, एखादी हालचाल, आणि थांबायचे. घाट कथेचा. आजही परभणीचे आसाराम लोमटे पत्रकारिता करता करता दीर्घकथा लिहितात. त्यांच्या 'आलोक' या संग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे 'धार आणि काठ' म्हणजे मराठी कादंबरीवरचे कथेतर लेखन. कथाकाराने वर्षातून असे समीक्षेचे एक तरी पुस्तक वाचावे. आपण ज्या वाटेने चाललो ती आधी कुणी कुठवर नेली ते कळते.

वाक्याला लागणारी खोड

वाचनातून नकळत झिरपते ते वाक्य, आणि दोन्ही प्रकारांच्या खोडी वेगळ्या असतात.

फक्त वर्तमानपत्रे, परिपत्रके आणि अहवाल वाचणाऱ्याच्या मराठीतून कर्ता नाहीसा होतो. "पाहणी करण्यात आली", "निर्णय घेण्यात आला", "नाराजी व्यक्त होत आहे". कुणी पाहणी केली, कोण नाराज आहे, पत्ता नाही. कथेत असे लिहून चालत नाही, कारण तिथे काम करणारा माणूसच नाहीसा झाला तर उरत काय? या खोडीवर कथावाचन हाच उपाय. फक्त कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याची खोड उलटी: काळजात चर्र होते, डोळ्यांच्या कडा पाणावतात, प्रत्येक वाक्याशेवटी तीन टिंबे येतात. त्याला महिनाभर सिंचन आयोगाचा अहवाल किंवा जुने न्यायालयीन निकाल वाचायला द्यावेत. खरेच द्यावेत. निकालात साक्षीदार काय म्हणाला, कुठे उभा होता, उजेड किती होता, हे कसलेही विशेषण न लावता लिहिलेले असते.

तिसरी खोड इंग्रजी कथेतर पुस्तके वाचणाऱ्यांना लागते. "ही ती जागा आहे जिथे", "हे सांगण्याची गरज नाही की" अशी वाक्ये त्यांच्या हातून आपोआप उतरतात. ऐवज कुठल्याही भाषेतून घ्या. वाक्याचा कान मात्र मूळ मराठी गद्यावरच तयार करावा लागतो.

वाक्यासाठी एक जुना व्यायाम आहे. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात, छापखान्यात उमेदवारी करताना, 'स्पेक्टेटर' या नियतकालिकातल्या निबंधांवर तो केला आणि आत्मचरित्रात लिहून ठेवला. निबंधातल्या प्रत्येक वाक्याचा आशय एक-दोन शब्दांत टिपायचा, काही दिवस ते बाजूला ठेवायचे, मग मूळ न बघता टिपणावरून पुन्हा लिहायचे आणि शेवटी मुळाशी ताडून बघायचे. कधी तो टिपणांच्या चिठ्ठ्या विस्कटून काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावी. लक्षात घ्या, कामाला घेतलेले साहित्य निबंधाचे होते, कथेचे नव्हे.

मराठीत हा व्यायाम करताना थोडा फेर करावा लागतो. आपल्या वाक्याचे वजन शेवटच्या क्रियापदावर पडते, म्हणून टिपणात क्रियापद लिहू नका. फक्त नामे लिहा. दीडशे-दोनशे शब्दांचा उतारा पुरे. चार-पाच दिवस जाऊ द्या. त्याच दिवशी केले तर आठवणीतून मूळ वाक्येच उतरतात आणि व्यायाम फुकट जातो. पंधरा दिवस गेले तर टिपणाचाच अर्थ लागत नाही. पुन्हा लिहिल्यावर दोन्ही मजकूर शेजारी ठेवा आणि पहिल्यांदा फक्त क्रियापदे तपासा. तुम्ही जिथे 'होते', 'केले', 'आहे' लिहिले, तिथे मूळ लेखकाने काय वापरले? कथेचा उतारा असेल तर बहुधा तिथे एखादी नेमकी हालचाल सापडेल. कथेतर उतारा असेल तर दुसऱ्या फेरीत जोडशब्द तपासा: म्हणून, तरीही, मात्र, एरवी. 'त्यामुळे' या शब्दाआधी खरेच कारण आले आहे का? नव्या लेखकाच्या निबंधातली निम्मी 'त्यामुळे' सवयीने पडलेली असतात.

तासाची वाटणी

कथा लिहिणाऱ्याने रोजच्या तासातली वीस मिनिटे उकलायला घेतलेल्या कथेला द्यावीत. एक कथा आठवडाभर पुरते. उरलेली चाळीस आपल्या विषयावरच्या कथेतर वाचनाला. कथेचा खर्डा चालू असेल तेव्हा प्रभावी शैलीचा कथाकार वाचू नये. आठ-दहा दिवसांत त्याचा सूर तुमच्या निवेदनात उतरतो आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. त्या काळात कोरडे गद्य बरे.

वार्ताहर आणि चरित्रकारांनी प्रमाण उलटे करावे: चाळीस मिनिटे कथा, वीस मिनिटे विषयाची कागदपत्रे. ऐवज तर त्यांच्या रोजच्या कामातच येतो. फक्त एक कुंपण पाळावे लागते. कथेतून प्रसंग उभा करायला शिकायचे, प्रसंग रचायला नाही. अवतरणचिन्हांत टाकलेले वाक्य कुणीतरी खरेच बोललेले आणि तुम्ही ऐकलेले किंवा नोंदलेले हवे. तीन शेतकऱ्यांचे मिळून एक पात्र केले असेल तर ते वाचकाला सांगितले पाहिजे. "त्या रात्री तो काय विचार करत असेल" हे लिहायचे असेल तर त्यालाच विचारा. तो हयात नसेल तर पत्र, डायरी, साक्ष शोधा. काहीच नसेल तर ते वाक्य सोडा.

धोका दोन्हीकडे आहे. कथाकार संशोधनात बुडतो, अजून एक पुस्तक वाचू म्हणत खर्डा लांबवतो. त्यावर साधा नियम: विषयावरची तीन पुस्तके झाली, एका जाणत्या माणसाशी बोलणे झाले, की पहिला खर्डा लिहायला बसायचे. जिथे अडेल तिथे चौकटीत प्रश्न लिहून पुढे जायचे. 'मोट की इंजिन?' 'दाखला कोण देतो?' खर्डा संपल्यावर फक्त या चौकटींसाठी वाचायचे. हे वाचन जलद होते, कारण आता नेमके काय हवे ते ठाऊक असते, आणि त्यातून उगाच भरलेली माहितीही कथेत शिरत नाही.

वाचनाचा उपयोग होतो आहे की नाही, हे दर तीन महिन्यांनी तपासता येते. आपलेच एक जुने आणि एक नवे पान घ्या. कर्ता नसलेली वाक्ये मोजा. नाव नसलेल्या वस्तू मोजा: 'झाड', 'पक्षी', 'पीक', 'अवजार' असे मोघम शब्द, जिथे बाभूळ, होला, हायब्रीड ज्वारी, पाभर येऊ शकले असते. पहिला आकडा कमी झाला नसेल तर कथा वाढवा. दुसरा कमी झाला नसेल तर कथेतर वाढवा.